सहकारी संस्था टिकते कशी? कायदा त्यात काय करतो, बडोदेकरांसाठी सोप्या भाषेत

सहकार म्हटलं की आपले पुण्या-नगरकडचे नातेवाईक लगेच साखर कारखाने सांगायला लागतात, प्रवरानगर, विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, आणि ते सगळं खरंच मोठं काम आहे, पण भारतातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून जिचं नाव घेतात ती आपल्या बडोद्यात निघाली हे इथे जन्मलेल्या कितीतरी मराठी माणसांना माहीत नसतं. 5 फेब्रुवारी 1889, अन्योन्य सहाय्यकारी मंडळी. काढणारे विठ्ठल लक्ष्मण कवठेकर, लोक त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, आणि राज्य सयाजीराव महाराजांचं. मध्यमवर्गीय घरांनी आपले थोडे थोडे पैसे एकत्र टाकायचे आणि ज्याला नड असेल त्याने त्यातून कमी व्याजाने घ्यायचे, बस एवढीच कल्पना. तेव्हा सहकाराचा कायदा नावाची गोष्ट देशात नव्हतीच. ती आली 1904 साली, म्हणजे 15 वर्षांनी.

मग प्रश्न पडतो की कायदा नसताना जर संस्था चालू शकते तर कायदा हवा कशाला? याचं उत्तर नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. कायद्यात नोंद नसलेली मंडळी म्हणजे कोर्टाच्या दृष्टीने नुसती दहा-वीस माणसं असतात. संस्थेच्या नावावर जागा घेता येत नाही, कुणी कर्ज बुडवलं तर संस्था म्हणून दावा लावता येत नाही, खजिनदार वारला आणि पैसे त्याच्या नावावर असले तर त्याच्या मुलांच्या दारात उभं राहावं लागतं. नोंदणी झाली की संस्था स्वतःच एक व्यक्ती होते, सभासद येतात जातात, मरतात, गाव सोडतात, संस्था राहते. टिकण्याची पहिली पायरी ही, आणि ती फक्त कायदाच देऊ शकतो.

1904 चा कायदा इंग्रजांनी केला तो काही प्रेमापोटी नाही. 1875 ला पुणे आणि नगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर दुष्काळ पडले, दुष्काळ कमिशनं बसली, मद्रासकडच्या निकोल्सन नावाच्या अधिकाऱ्याने युरोपातल्या शेतकरी पतपेढ्यांचा अभ्यास करून रिपोर्ट दिला, आणि मग सरकारला पटलं की शेतकऱ्याला सावकाराशिवाय दुसरं दार पाहिजे. पण या कायद्यात फक्त कर्ज देणाऱ्या सोसायट्या बसत होत्या. माल विकायची संस्था, दुधाची संस्था, सोसायट्यांचा संघ, यातलं काही नाही. ते 1912 च्या कायद्याने झालं. 1919 च्या राज्यकारभाराच्या सुधारणांनंतर सहकार हा प्रांतांचा विषय झाला, मुंबई प्रांताने 1925 ला स्वतःचा कायदा केला, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाल्यावर तिकडे 1960 चा आणि इकडे 1961 चा कायदा आला. म्हणून आपले आणि नाशिकच्या मावशीचे सोसायटीचे नियम बरेचसे सारखे वाटतात पण सगळेच सारखे नाहीत, तिथला नियम इथे सांगून वाद घालू नका, चालणार नाही.

आता आपल्यापुरतं महत्त्वाचं. बडोद्यात ज्या सहकारी संस्था आहेत, हाउसिंग सोसायटी, कामगारांची पतसंस्था, गावातली दूध मंडळी, नागरी बँक, त्या बहुतेक सगळ्या गुजरातच्या 1961 च्या कायद्याखाली येतात आणि त्यांच्यावर देखरेख राज्याच्या रजिस्ट्रारची, जिल्ह्यात जिल्हा रजिस्ट्रारची. पण ज्या संस्थेचं काम एकापेक्षा जास्त राज्यांत आहे ती 2002 च्या केंद्राच्या मल्टी-स्टेट कायद्याखाली जाते आणि तिचा रजिस्ट्रार दिल्लीत बसतो. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात एखाद्या क्रेडिट सोसायटीचा बोर्ड बघाल आणि त्यावर मल्टी-स्टेट लिहिलं असेल तर लक्षात घ्या की उद्या काही वाजलं तर इथल्या जिल्हा ऑफिसात खेपा मारून फारसा उपयोग नाही, तक्रार केंद्राकडे जाते. पैसे ठेवण्याआधी हे एक वाक्य वाचायला कुणी थांबत नाही आणि नंतर मग कागद घेऊन कुठे जायचं तेच कळत नाही.

बरं, कायदा संस्थेला टिकवतो म्हणजे करतो काय? लोकांना वाटतं अनुदान देतो, सवलत देतो. मला विचाराल तर सगळ्यात मोठी मदत अनुदानाची नाहीच, कायदा संस्थेवर जी बंधनं घालतो तीच तिची खरी मदत आहे. ऐकायला उलटं वाटेल, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिलं बंधन, एक माणूस एक मत. कंपनीत ज्याचे शेअर्स जास्त त्याची मतं जास्त. सहकारी संस्थेत शंभर रुपयांचा शेअर घेतलेल्या आजीबाईंचं मत आणि लाखाचे शेअर घेतलेल्या शेठचं मत सारखंच. शिवाय एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत, सरकार सोडून. याचा अर्थ असा की संस्था कितीही चांगली चालली तरी कुणी श्रीमंत माणूस येऊन ती विकत घेऊ शकत नाही. डेअरी नफ्यात आहे म्हणून उद्या एखादी मोठी कंपनी बोली लावेल आणि गावाचं दूध-संकलन तिच्या हातात जाईल असं होत नाही, कारण विकायला काढायचा रस्ताच कायद्याने ठेवलेला नाही.

दुसरं बंधन मला सगळ्यात जास्त मोलाचं वाटतं, राखीव निधी. नफा झाला की त्यातला किमान चौथा हिस्सा रिझर्व्हमध्ये टाकायचा, टाकायचाच. समजा तुमच्या पतसंस्थेला वर्षाला 10 लाख नफा झाला, तर अडीच लाख आधी बाजूला, मग उरलेल्यातून डिव्हिडंड, बाकी फंड वगैरे, आणि डिव्हिडंडलाही वरची मर्यादा असते. आणि हा बाजूला पडलेला पैसा कुठल्याच सभासदाचा नसतो. तुम्ही राजीनामा दिलात तर तुमच्या शेअरची रक्कम परत मिळते, रिझर्व्हमधला वाटा मिळत नाही. संस्था बंद झाली आणि देणी फेडून काही उरलं तरी ते सभासदांत वाटून घेता येत नाही. शेतकरी किती ओढाताण असली तरी पुढच्या पेरणीचं बी विकत नाही, तसाच हा पैसा आहे. जनरल मीटिंगमध्ये दर वर्षी कुणीतरी उठून म्हणतं की एवढा फंड पडलाय तो वाटून का टाकत नाही, आणि टाळ्याही पडतात. पण तोच फंड एका वाईट वर्षात, दोन मोठी कर्जं बुडाली तर, तुमच्या ठेवीला धक्का लागू देत नाही. आज पन्नास-साठ वर्षं जुन्या ज्या संस्था ताठ उभ्या दिसतात त्यांचा ताळेबंद काढून बघा, रिझर्व्हचा आकडा भागभांडवलापेक्षा मोठा दिसेल, आणि तो एका पिढीचा नाही, आधीच्या लोकांनी कमी डिव्हिडंड घेतला म्हणून तो आहे.

तिसरं, निवडणूक आणि ऑडिट वेळेवर. इथे गुजरातचा एक मोठा संबंध आहे. 2011 साली संसदेने 97 वी घटनादुरुस्ती केली आणि ती 2012 पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी होत्या. सहकारी संस्था काढणं हा संघटना करण्याच्या मूलभूत हक्काचा भाग झाला, कलम 19 मध्ये. राज्याने सहकाराला प्रोत्साहन द्यावं असं एक मार्गदर्शक तत्त्व आलं, कलम 43ब, त्यात स्वेच्छेने स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन असे चार शब्दप्रयोग आहेत. आणि तिसरं म्हणजे एक अख्खा नवा भाग, 9ब, ज्यात संचालक 21 पेक्षा जास्त नकोत, मुदत 5 वर्षं, दोन जागा महिलांना, एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातीला, वर्ष संपल्यावर 6 महिन्यांत ऑडिट, 6 महिन्यांत जनरल मीटिंग, आणि सरकारने बोर्ड बरखास्त केलं तर जास्तीत जास्त 6 महिने, बँकेच्या बाबतीत एक वर्ष, असे नियम घातले होते.

वाचताना वाटतं की व्वा, हेच तर पाहिजे होतं. पण आपल्या गुजरात हायकोर्टात या दुरुस्तीला आव्हान दिलं गेलं. मुद्दा असा की सहकार हा राज्याचा विषय आहे, आणि राज्याच्या विषयावर घटनेने असे हात बांधायचे असतील तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी लागते, ती घेतलीच नव्हती. हायकोर्टाने 2013 च्या एप्रिलमध्ये 9ब हा भाग रद्द केला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 20 जुलै 2021 ला दोन विरुद्ध एक असा निकाल आला की राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता हा भाग लागू होणार नाही, मल्टी-स्टेट संस्थांना मात्र लागू राहील. मूलभूत हक्क आणि 43ब हे दोन्ही तसेच राहिले, त्यांना धक्का लागला नाही.

मला हा निकाल कायद्याच्या दृष्टीने पटतो, राज्यांना न विचारता राज्यांचे अधिकार कमी करणं चूकच होतं. पण त्यातून तुमच्या-माझ्यासाठी निघालेला अर्थ हा की राज्याच्या संस्थेत वेळेवर निवडणूक, वेळेवर ऑडिट याची हमी आता घटनेकडून येत नाही, राज्याच्या कायद्यात जे लिहिलंय आणि तुमच्या संस्थेच्या पोटनियमात, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमावलीत, जे लिहिलंय त्यातूनच येते. म्हणून प्रत्येक राज्याने हे मुदतीचे नियम स्वतःहून, घट्ट, पळवाटा न ठेवता आपल्या कायद्यात लिहून ठेवले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. कारण संस्था बुडते तेव्हा ती अचानक बुडत नाही हो, आधी ऑडिट लांबतं, मग जनरल मीटिंग कागदावर होते, मग निवडणूक पुढे ढकलली जाते, आणि मग एक दिवस काउंटरवर पैसे मिळत नाहीत.

आता सरकार आणि सहकार या नात्याबद्दल. बरेच लोक सहकारी आणि सरकारी यात गोंधळतात आणि त्याला कारणही आहे. 1954 साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल आला, गोरवाला समिती म्हणतात तिला, आणि तिला दिसलं की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा अगदीच नगण्य आहे, सावकारच सगळं व्यापून आहे. मग तिने सुचवलं की सरकारने स्वतः सहकारी संस्थांचे शेअर घ्यावेत, भांडवल भरावं, म्हणजे त्या उभ्या राहतील. त्या काळात ते योग्यही वाटलं असेल, पैसाच नव्हता गावात. पण सरकारने भांडवल घातलं की सरकारचा माणूस बोर्डावर आला, मग अधिकारी मॅनेजर म्हणून आले, मग निवडणूक कधी घ्यायची हे वरून ठरायला लागलं, बोर्ड बरखास्त करून सरकारी प्रशासक बसवणं सोपं झालं, आणि सभासदाला हळूहळू वाटायला लागलं की हे आपलं नाही, हे सरकारचं आहे. आणि सरकारचं म्हटलं की कर्ज फेडलं नाही तरी चालतं, निवडणुकीच्या वर्षी माफी येईलच.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीच. खेडा जिल्हा दूध संघ, म्हणजेच अमूल, 14 डिसेंबर 1946 चा, त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष, सरदार पटेलांचा पाठिंबा, मागून वर्गीज कुरियन आले, पुढे जिल्ह्याजिल्ह्यात संघ झाले, आपली बडोदा डेअरी त्यातलीच. तिथेही कायदा तोच होता. पण गावातली बाई सकाळ-संध्याकाळ मंडळीत दूध घालायला जाते, फॅट तिच्यासमोर मोजलं जातं, पैसे तिला तिथेच समजतात, म्हणजे संस्थेशी तिचा संबंध दिवसातून दोनदा येतो. गडबड झाली तर दुसऱ्या दिवशी मंडळीत आवाज उठतो. ज्या पतसंस्थेत सभासद वर्षातून एकदा, तेही भेटवस्तू घ्यायला जातो, तिथे हा आवाज उठत नाही, मग तिथे कायद्याची, ऑडिटची, रजिस्ट्रारची जास्त गरज पडते. मला वाटतं कायदे करणाऱ्यांनी हा फरक ओळखायला हवा, सगळ्या संस्थांना एकच माप लावून चालत नाही.

सरकारचा हात कमी करायचे प्रयत्नही झालेत. चौधरी ब्रह्मप्रकाश समितीने 1990 च्या सुमारास एक नमुना कायदा सुचवला, त्यावरून 1995 ला आंध्रने वेगळा कायदा केला की जी संस्था सरकारकडून भांडवल घेणार नाही तिच्या कारभारात सरकारही नाक खुपसणार नाही. दुसऱ्या काही राज्यांनीही तसे कायदे केले. मग 2004-05 ला वैद्यनाथन समितीने शेतीकर्ज देणाऱ्या सोसायट्यांसाठी सुचवलं की केंद्र तोटा भरून देईल पण बदल्यात राज्याने कायदा बदलायचा, बोर्डावरची सरकारी माणसं कमी करायची, नीट ऑडिट करायचं. नुसते पैसे ओतण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी, कारण पैसा आणि सुधारणा एकाच गाठीत बांधली होती.

6 जुलै 2021 ला केंद्रात वेगळं सहकार मंत्रालय झालं आणि त्यानंतर बरंच काही भराभर घडतंय. 2023 ला मल्टी-स्टेट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातल्या चांगल्या गोष्टी आधी सांगतो. निवडणुका घ्यायला स्वतंत्र प्राधिकरण आलं, म्हणजे चालू बोर्डच आपली निवडणूक घेतंय असं होणार नाही. सभासदांच्या तक्रारींसाठी लोकपाल आला. बोर्डावर दोन महिला आणि एक अनुसूचित जाती-जमातीचा सभासद हवाच. आणि आजारी संस्थांसाठी एक पुनर्वसन निधी, ज्यात सलग तीन वर्षं नफ्यात असलेल्या मल्टी-स्टेट संस्थांनी दर वर्षी 1 कोटी रुपये किंवा नफ्याच्या 1 टक्का, जे कमी असेल ते, टाकायचं. या शेवटच्यावर टीका होते की चांगल्या चालणाऱ्याने वाईट चालवणाऱ्याचं का भरायचं, आणि त्या टीकेत दम आहे. निधी वापरताना आधी जबाबदार संचालकांकडून वसुली आणि मग मदत असा क्रम पाळला तरच त्याला अर्थ राहील.

न पटणारी गोष्टही सांगतो. याच दुरुस्तीत असं आहे की संस्थेत सरकारचे शेअर असतील तर ते सरकारच्या परवानगीशिवाय संस्थेला परत करता येणार नाहीत. म्हणजे संस्था स्वतःच्या पायावर उभी राहिली, म्हणाली की घ्या तुमचे पैसे आणि आम्हाला मोकळं करा, तरी सरकार नाही म्हणू शकतं. वर जो 1954 पासूनचा अनुभव सांगितला तो बघता हे मागे जाणं आहे.

कराचा भाग लोकांना फार कंटाळवाणा वाटतो, पण टिकण्याशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून थोडक्यात. जुन्या आयकर कायद्यात 80पी नावाचं कलम होतं, त्यातून पतसंस्थेला सभासदांना कर्ज देऊन झालेल्या उत्पन्नावर, दूध संघाला दूध पुरवणाऱ्या प्राथमिक मंडळीला, अशा ठराविक कामांच्या उत्पन्नावर वजावट मिळायची. विचार असा की सभासदांनी आपापसात केलेला व्यवहार हा नफ्याचा धंदा नाही. 2006 ला सहकारी बँकांची ही सवलत काढली, गावच्या प्राथमिक शेती सोसायट्या आणि प्राथमिक भूविकास बँका तेवढ्या राहिल्या. आणि 2022 च्या बजेटमध्ये एक अन्याय दूर झाला, कंपन्यांना किमान पर्यायी कर 15 टक्के होता आणि सहकारी संस्थांना 18.5 टक्के, तो 15 वर आणला, आणि 1 ते 10 कोटी उत्पन्नावरचा सरचार्ज, म्हणजे करावरचा जादा कर, 12 वरून 7 टक्के केला. शेतकऱ्यांच्या संस्थेला कंपनीपेक्षा जास्त दर का होता हे मला आजतागायत कळलेलं नाही. आता नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे तुमच्या कमिटीच्या सीए कडून नवे नंबर समजून घ्या.

बँकांबद्दल मात्र जरा थांबायला हवं, कारण आपल्या शहरात जखमा आहेत. 2001 ला अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर बाजारातल्या केतन पारेखला दिलेल्या कर्जांमुळे कोसळली आणि गुजरातभर नागरी बँकांवरचा लोकांचा विश्वास हलला. आणि मला सांगायलाही वाईट वाटतं, पण आपली अन्योन्य, तिची पुढे बँक झाली होती, तीही रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांत सापडली. देशातल्या सगळ्यात जुन्या संस्थेचं हे झालं, म्हणजे नुसतं वय हमी देत नाही. गोची अशी होती की सहकारी बँकेला दोन मालक, नोंदणी, निवडणूक, संचालक हे रजिस्ट्रारकडे आणि बँकेचं काम रिझर्व्ह बँकेकडे, त्यामुळे वेळेवर कुणी हात घालायचा यातच उशीर व्हायचा. 2019 ला मुंबईत पीएमसी ही मोठी सहकारी बँक बुडीत कर्जांमुळे कोसळली, त्यानंतर 2020 ला बँकिंग कायदा बदलला आणि व्यवस्थापन, भांडवल, ऑडिट, बँकेचं विलीनीकरण यात रिझर्व्ह बँकेला बरेच जास्त अधिकार मिळाले. ठेवींचा विमा 1 लाखाचा 5 लाख झाला, फेब्रुवारी 2020 पासून, आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यावर 90 दिवसांत विम्याची रक्कम मिळायची सोय झाली. आधी लोक वर्षानुवर्षं थांबायचे, त्यात कितीतरी पेन्शनर गेले.

आणि इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. हा 5 लाखांचा विमा बँकेच्या ठेवींना आहे, क्रेडिट सोसायटीच्या ठेवींना नाही. सोसायटी रजिस्टर्ड आहे, सहकारी आहे, ओळखीचा माणूस आहे, व्याज दीड टक्का जास्त आहे, सगळं ठीक, पण ती बुडाली तर ठेवींचा विमा उतरवणारं महामंडळ पैसे देणार नाही. म्हणून सोसायटीत ठेवायचे तर सभासद म्हणून, ताळेबंद बघून, झेपेल तेवढेच ठेवा.

सहकाराचा विकास शाश्वत असावा असं म्हणतात तेव्हा त्यात पर्यावरणही येतं, आणि तिथे पुन्हा आपल्या भागातलं उदाहरण जगभर सांगितलं जातं. खेडा जिल्ह्यातलं धुंडी गाव. 2016 ला तिथल्या शेतकऱ्यांनी आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या मदतीने सोलर पंपवाल्यांची सहकारी मंडळी केली. पाणी उपसून झालं की उरलेली वीज ग्रिडला विकायची, आणि घेणारी कंपनी कोण तर आपली मध्य गुजरात वीज कंपनी, जिचं हेड ऑफिस इथे बडोद्यात आहे. 25 वर्षांचा करार, युनिटला 4 रुपये 63 पैसे, आणि बदल्यात शेतकऱ्यांनी सबसिडीची शेतीवीज मागायचा हक्क तेवढ्या वर्षांसाठी सोडला. यातली गंमत बघा, सोलर पंपावर पाणी फुकट असतं म्हणून माणूस उपसत राहतो आणि भूजल खाली जातं, पण वीज विकून पैसे मिळायला लागले की तोच माणूस पंप बंद ठेवून वीज विकायचा विचार करतो. एकेकट्या शेतकऱ्याशी वीज कंपनी असा करार करायला तयार झाली नसती, मीटर, बिल, हिशेब कोण सांभाळणार, मंडळी होती म्हणून एका जागी मीटर लागला आणि आत वाटणी त्यांची त्यांनी केली. पुढे राज्याने 2018 ला सूर्यशक्ती किसान योजना काढली, सोलर पंपांसाठी केंद्राची कुसुम योजनाही आली. आणंद जिल्ह्यात मुजकुवा गावात तर सोलर मंडळीच्या जोडीला बायकांची शेणखताची सहकारी संस्थाही आहे, गोबरगॅसची स्लरी गोळा करून खत करून विकतात.

असं काही करायला कायद्यात एक अडचण असते ती म्हणजे पोटनियमातला उद्देश. तुमच्या संस्थेच्या पोटनियमात फक्त कर्ज देणं एवढंच लिहिलं असेल तर तुम्ही गोदाम बांधू शकत नाही, सोलर बसवून वीज विकू शकत नाही. गावोगावच्या शेती सोसायट्यांचं हेच झालं होतं, कर्ज वाटणं आणि वसूल करणं यापलीकडे काम नाही, आणि नुसत्या त्या व्याजाच्या फरकावर सेक्रेटरीचा पगारही निघत नाही. 2023 च्या सुरुवातीला केंद्राने नमुना पोटनियम दिले, त्यात दूध, मासेमारी, गोदाम, खत-बियाणं, गॅस, पेट्रोल पंप, अशी 25 पेक्षा जास्त कामं करता येतील असं आहे. त्याच्या आधी 2022 ला 63,000 सोसायट्यांचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायची 2,516 कोटींची योजना मंजूर झाली. ही दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण हातवहीतला हिशेब चार वर्षांनी ऑडिट झाला तर चूक सापडूनही उपयोग नसतो, कॉम्प्युटरवर असला तर जिल्हा बँकेला त्याच महिन्यात दिसतो.

24 जुलै 2025 ला नवं राष्ट्रीय सहकार धोरण आलं, सुरेश प्रभू यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तयार केलेलं, आधीचं 2002 चं होतं. धोरण हा कायदा नसतो, त्यावरून कोर्टात जाता येत नाही, पण पुढची 20 वर्षं पैसा आणि योजना कुठे जाणार याची दिशा त्यात असते. टॅक्सी, पर्यटन, विमा, हरित ऊर्जा अशा नव्या क्षेत्रांत सहकार न्यायचा, तरुणांना आणायचं असं त्यात आहे. आणंदला त्रिभुवनदास पटेलांच्या नावाने सहकार विद्यापीठही झालं, तिथली ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी जुनी इर्मा संस्था त्यात गेली. प्रशिक्षित माणूस मिळणं ही खरंच मोठी गरज आहे, छोट्या पतसंस्थांत आजही निवृत्त झालेले एखादे काका प्रेमाने सगळा हिशेब सांभाळतात आणि त्यांच्यानंतर कोण हे कुणी विचारलेलं नसतं.

हाउसिंग सोसायटीवाल्यांसाठी एक ताजी गोष्ट, गुजरातमध्ये फ्लॅट विकताना सोसायट्या मनाला येईल तेवढी ट्रान्सफर फी मागायच्या, त्यावर आता कायदा बदलून मर्यादा आलीय, व्यवहाराच्या रकमेच्या अर्धा टक्का किंवा 1 लाख रुपये, जे कमी असेल ते. डेव्हलपमेंट फंड वगैरे नावाखाली जास्त मागितलं तर ती मागणी लेखी द्यायला सांगा आणि रजिस्ट्रारकडे जा.

आणि कुठल्याही संस्थेचे सभासद असाल तर या वर्षी जनरल मीटिंगची नोटीस आली की जाण्याआधी ऑफिसात जाऊन पोटनियम, मागचा ताळेबंद आणि ऑडिट रिपोर्ट बघायला मागा, सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही. रिपोर्टवर ऑडिट वर्ग अ, ब, क की ड ते बघा, मागच्या वर्षीपेक्षा खाली आला असेल तर का ते उभं राहून विचारा. थकबाकी किती टक्के, संचालकांच्या आणि त्यांच्या नातेवाईकांच्या नावावर कर्ज किती, रिझर्व्हचा पैसा कुठे गुंतवलाय आणि ऑडिटरने मागच्या वर्षी काढलेल्या चुका दुरुस्त झाल्या का, एवढे चार प्रश्न पुरतात. उत्तर नाही मिळालं तर मिनिट्समध्ये तुमचा प्रश्न लिहून घ्यायला सांगा आणि पुढच्या मीटिंगला मागची मिनिट्स वाचली जातात तेव्हा तो तिथे आहे का ते ऐका.